पाच नंबरचा बग

आठ महिने मान मोडून नंदकिशोरने एकवीसशे ओळी कमी केल्या होत्या, आणि आता त्या कमी का झाल्या याचा त्यालाच जाब द्यावा लागत होता.

जपानातल्या कोतोमधली त्याची कंपनी गोदामांत पार्सलं वाटणारी यंत्रं बनवायची. पट्ट्यावरून पार्सल सरकत येतं, सेन्सरला ते दिसतं, आणि त्याला ओसाकाच्या खोक्यात ढकलायचं की सेंदाईच्या, हे यंत्राने डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं असतं. त्यासाठी कंपनीची स्वतःची, पंचवीस वर्षं जुनी ऑपरेटिंग सिस्टीम होती, आणि तिच्या अगदी पोटात इंटरप्ट हाताळणारा भाग. इंटरप्ट म्हणजे दाराची बेल. पोळ्या करताना बेल वाजली की गॅस बारीक करायचा, कुठवर आलो होतो ते लक्षात ठेवायचं, दार उघडून येणाऱ्याचं काय ते बघायचं आणि परत येऊन पुढची पोळी लाटायची. एवढं साधं काम. पण दर चिपची बेल वेगळी आणि गॅसचं बटण वेगळं, म्हणून तीन जातींच्या चिपांसाठी तेच काम तीन फायलींत तीनदा लिहिलेलं होतं. एकीत दुरुस्ती झाली की उरलेल्या दोन्हींत करायला कोणीतरी हमखास विसरायचं.

त्यात तिथला रिवाज असा, की जुनी ओळ पुसायची नाही. तिला कॉमेंटमध्ये घालायचं, वर-खाली तारीख आणि नाव टाकायचं आणि नवी ओळ तिच्याखाली लिहायची. एकेका जिवंत ओळीमागे दोन मेलेल्या. नंदकिशोरने खास परवानगी काढून हे सगळं उपसलं, तिन्ही चिपांना लागणारं समान काम एका जागी आणलं आणि चिपचं वेगळेपण तेवढं लहानशा तीन तुकड्यांत ठेवलं. पुण्यात वीस वर्षांपूर्वी नोकरीला लागल्यापासून इतकं स्वच्छ काम आपल्या हातून झालं नव्हतं, असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि ते खरंही होतं.

आता हे काम मुख्य कोडमध्ये जायला एकच गोष्ट हवी होती, कुरोइवा-सानचा शिक्का; तिथे सहीच्या जागी नावाचा शिक्काच मारतात. तिन्ही फायली मुळात त्यांनीच लिहिलेल्या. सर्वांत जुन्या चिपवर सही करायचा अधिकार कंपनीत फक्त त्यांना, आणि एकतीस मार्चला ते पासष्ट पुरे करून कायमचे घरी जाणार होते. त्यांच्या मागे ती चिप कळणारं कोणी नव्हतं. एकतीस मार्च हुकला की आठ महिने पाण्यात, आणि त्या तीन फायली पुढची पंचवीस वर्षं तशाच.

कुरोइवा-सान शिक्का द्यायला तयार होते. अडवलं ते गुणवत्तेच्या तक्त्याने.

त्या तक्त्याचं म्हणणं असं, की हजार ओळींमागे कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त बारा बग सापडलेच पाहिजेत. जास्त सापडले तर काम वाईट. कमी सापडले तर काम चांगलं असं नाही, तर तपासणी वाईट. नंदकिशोरच्या ओळी उणे एकवीसशे, म्हणजे तक्त्याच्या हिशोबाने त्याने उणे अकरा तरी बग शोधायला हवे होते. त्याने हे मिझोगुची-सानना, म्हणजे सेक्शनच्या साहेबांना, हसत हसत दाखवलं. ते हसले नाहीत. त्यांनी मुख्य ऑफिसला विचारलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, की गेलेल्या ओळी सोडा, नव्या नऊशेच धरा. नऊशेला पाच तरी बग हवेत. नंदकिशोरकडे दोन होते.

दोनच होते, कारण तो रोजचं काम रोज तपासत आला होता. हे त्याने साहेबांना समजावलं. साहेबांनी मान डोलावली आणि पुन्हा तपासणी करायला सांगितलं. दहा दिवस त्याने पुन्हा तपासलं. काही निघालं नाही. निघणार कुठून? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. फेब्रुवारी अर्धा संपत आला आणि तक्त्यातला त्याचा रकाना लालचा लालच.

अशाच एका सकाळी त्याची बायको नयना डबे भरता भरता लेकीचं, ओवीचं, शाळेचं कार्ड भरत होती. हिवाळ्यात तिथल्या शाळेत मुलांना रोज पळायला लावतात, आणि पळण्याआधी आईबापाने ताप मोजून, आकडा लिहून, शिक्का मारून पाठवायचा असतो. नयनाने एका दमात पाच दिवसांचे आकडे टाकले. छत्तीस पॉइंट चार, सहा, पाच, पाच, चार.

ओवीने मोजे चढवत जपानीत सुनावलं की आपल्याकडे कोणी मोजतच नाही.

"मोजलं तरी तेवढाच येणारे," नयना म्हणाली. "कोरं ठेवलं तर परत पाठवतात, आणि मग ती बाकावर बसते. पोर ठणठणीत आहे, कार्डाला काय हवंय ते कार्डाला द्यायचं."

नंदकिशोर सायकलवरून ऑफिसला जाईपर्यंत तेच वाक्य घोळवत राहिला. काम ठणठणीत होतं. तक्त्याला काय हवं होतं ते तक्त्याला द्यायचं.

त्या दुपारी त्याने चार बग रचले. आणि रचले ते मन लावून, कारण खोटं असलं तरी आपल्या नावावर जाणारं काम, ते बावळट दिसता कामा नये. त्यातला, आधीचे खरे दोन धरून पाच नंबरचा, तर त्याला स्वतःलाच आवडला. एका बेलचं काम आटोपून यंत्र तिची नोंद पुसायला जातं, नेमक्या त्याच क्षणी दुसरी वाजते, आणि पहिलीबरोबर दुसरीचीही नोंद पुसली जाते. दारात माणूस उभा, आणि घरात कोणाला पत्ता नाही. असं प्रत्यक्षात होत असेल हे त्याच्या मनातही आलं नाही. ती पुसण्याची पद्धत त्याने कुरोइवा-सानच्या जुन्या कोडमधून जशीच्या तशी उचलली होती, आणि ती पंचवीस वर्षं चालली होती. शेवटच्या रकान्यात त्याने लिहिलं, दुरुस्त केला, चौदा फेब्रुवारी.

सहा बग, नऊशे ओळी. रकाना हिरवा झाला. साहेबांनी अभिनंदनाची मेल पाठवली. नंदकिशोरला हलकं वाटलं आणि थोडी लाजही वाटली, पण हलकं जास्त.

एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानातून पार गेली होती. या कंपनीत एका जागी बग सापडला की तसाच बग दुसरीकडे आहे का, हे बाकी सगळ्या यंत्रांत शोधावं लागतं. ते काम जुन्या माणसांकडे. म्हणजे कुरोइवा-सानकडे.

अकरा दिवस कुरोइवा-सान जागेवर दिसले नाहीत. खालच्या मजल्यावर चाचणीचा पट्टा होता, तिथे ते असतात एवढं कळलं. नंदकिशोरला वाटलं, निवृत्तीच्या आधीची आवराआवर चालली असेल. बाराव्या दिवशी ते त्याच्या टेबलाशी आले. उजव्या हाताच्या तीन बोटांना चिकटपट्ट्या होत्या, पुठ्ठ्याच्या कडांनी कापलेल्या. त्यांनी आधी कमरेतून वाकून क्षमा मागितली. नंदकिशोर गडबडून उभा राहिला.

"किशोर-सान, पाच नंबरचा बग माझ्या कोडमध्ये आहे. तिन्ही फायलींत आहे."

त्यांनी दोन खोकी एकामागून एक पट्ट्यावर सोडली होती, मधलं अंतर केसाकेसाने बदलत, चार हजार वेळा. सत्तावीस वेळा दुसरं खोकं यंत्राला दिसलंच नाही. गोदामांतून बरीच वर्षं तक्रार येत होती, की महिन्यातून चार-दोन पार्सलं भलत्याच खोक्यात पडतात. इतकी वर्षं सगळे सेन्सरवरच्या धुळीला बोल लावत होते. कुरोइवा-सान स्वतः दर वर्षी उत्तर लिहायचे, की कृपया सेन्सर पुसावा.

"मला तो कधी दिसला नाही. तुम्हाला दिसला," ते म्हणाले. "तुम्ही चौदा तारखेला केलेली दुरुस्ती दाखवता का? जुन्या फायलींत मी तशीच करीन."

म्हणजे नंदकिशोरच्या नव्या, स्वच्छ कोडमध्येही तो बग होता. ज्या कोडला तो आठ महिने घासूनपुसून लखलखीत करत होता, त्यात, दुरुस्त असा शेरा मिरवत. उद्या दाखवतो म्हणून सुटता आलं असतं. दुरुस्ती लिहायला तासाभराचं काम, तारीख मागची टाकायची. आणि खरं सांगितलं तर बग उघडा ठरणार होता. उघड्या बगवर शिक्का बसत नाही. आधी गोदामांतली यंत्रं दुरुस्त होणार, त्यात मार्च जाणार, आणि मार्चबरोबर त्याचे आठ महिने. हे सगळं त्याला एका क्षणात कळलं. मग त्याचं लक्ष त्या चिकटपट्ट्यांकडे गेलं.

"दुरुस्ती नाहीये," तो म्हणाला. "मी तो बग पाहिलाच नव्हता. रकाना भरायला मनाने लिहिला."

कुरोइवा-साननी विचारलं, "बाकीचे?"

"सापडलेले दोन खरे आहेत. उरलेले तिन्ही खोटे."

"त्या तिन्हींच्या मागे माझे सहा दिवस गेले." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच नंदकिशोरला सोसवेना. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. "रकाना भरायला आम्हीही लिहितो. सगळेच लिहितात. पण आम्ही कॉमेंटमधल्या स्पेलिंगच्या चुका लिहितो. मिझोगुची-सानना ते माहीत आहे, मुख्य ऑफिसलाही असेल. तुम्ही इतकं नीट लिहिलंत, की मी खरं धरलं."

नंदकिशोरला किंचाळावंसं वाटलं. स्पेलिंगच्या चुका! आठ महिन्यांत, चार मीटिंगांत, तीन आठवड्यांच्या पत्रव्यवहारात एकाही माणसाला हे आपल्याला सांगावंसं वाटू नये? आणि त्याहून मोठा संताप त्याला स्वतःचा आला. खोटा बग रचायला त्याने जेवढं डोकं चालवलं, त्याच्या पावपट खरा शोधायला चालवलं असतं, तर तो त्याला जानेवारीतच सापडला असता.

पुढे त्याला वाटलं होतं तसंच झालं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि नवं काम थांबवून जुनी यंत्रं आधी, असा आदेश काढला. दुरुस्ती करायची नंदकिशोरनेच. तीन फायलींत तीनदा. बेलची नोंद आधी पुसायची आणि मग दार उघडायला जायचं, एवढाच काय तो बदल, पण तीन चिपांच्या तीन तऱ्हा, तीन चाचण्या, आणि प्रत्येक जागी जुनी ओळ कॉमेंटमध्ये, वर तारीख, खाली तारीख, दोन्हीकडे नाव. जो प्रकार बंद करायला तो आठ महिने झिजला, तोच आता त्याच्या हाताने, त्याच्याच नावानिशी वाढत होता. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काम संपलं; नवा कोड पुन्हा तपासणीला घालायला दिवस उरले नव्हते. एकूण ओळी नव्वद वाढल्या. बग एक. तक्त्याने भागाकार केला, हजारी अकरा, आणि रकाना पहिल्या झटक्यात हिरवा झाला. मिझोगुची-साननी सगळ्यांना मेल पाठवली, की दर्जाचा असा आदर्श नमुना फार दिवसांनी पाहायला मिळाला.

एकतीस मार्चला दुपारी फुलांचा गुच्छ आणि भाषणं झाली. पाचच्या सुमाराला कुरोइवा-सान नंदकिशोरच्या टेबलाशी आले. त्यांनी विचारलं, की नव्या कोडमध्ये ही दुरुस्ती केली असती तर कशी दिसली असती.

ती त्याने करून ठेवली होती. कोणी मागितली नव्हती, तरी ठेवली होती. एका जागी, चौदा ओळी. कुरोइवा-साननी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन वाचलं, मग म्हणाले, कागदावर द्या. नंदकिशोरने प्रिंट काढून आणला. त्यांनी तो उभ्यानेच पुन्हा एकदा वाचला, खिशातून शिक्क्याची डबी काढली, पानाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे शिक्क्याची जागाच नव्हती तिथे, सरळ बघून शिक्का मारला, आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिले.

"उशीर झाला," ते म्हणाले. "माझा पंचवीस वर्षांनी, तुमचा एका महिन्याने."

ते गुच्छ घेऊन लिफ्टकडे गेले. नंदकिशोर कागद हातात धरून उभा होता, तेवढ्यात मिझोगुची-सान मागून येऊन हळू आवाजात आठवण करून देऊन गेले, की कोडचा प्रिंट काढायला मनाई आहे, आज आपण काही बोलत नाही, पण तो घरी नेता येणार नाही.

कागदाच्या चिंध्या करणारा श्रेडर फोटोकॉपी मशीनच्या बाजूला होता. नंदकिशोरने कागद सरळ धरून आत सोडला. शिक्का खालच्या कोपऱ्यात होता, तो सगळ्यात शेवटी गेला.