सोड म्हणेपर्यंत

दोघा भावांचं गॅरेज होतं आणि दोघांचं पटत नव्हतं, यात नवल काही नाही. नवल होतं ते त्यांच्या शिस्तीचं. हातात लोखंड असताना भावावर हात टाकायचा नाही, आधी लोखंड खाली ठेवायचं, असा आईचा दंडक होता, आणि आई गेल्यावरही दोघांनी तो मोडला नव्हता. त्यामुळे गॅरेजातून पाना फरशीवर ठेवल्याचा आवाज आला की समोरचा शिंपी मशीन थांबवून दारात येऊन उभा राही. नाटकाची घंटा झाल्यावर कोण आत बसून राहतं?

दातांचे डॉक्टर हे त्यांचं सगळ्यात जिव्हाळ्याचं गिऱ्हाईक. थोरल्याचे पुढचे दोन दात त्यांनीच बसवलेले. धाकट्याची दाढही त्यांनीच काढलेली, म्हणजे थोरल्याने निम्मी काढून ठेवली होती, डॉक्टरांनी काम पुरं केलं. डॉक्टरांची गाडी जुनी. चढावर इंजिन बोंबलायचं आणि गाडी जागेवरच. गिअरचा दांडा पातेल्यातल्या पळीसारखा गोल फिरायचा. तिसरा टाकावा तर पहिला पडायचा. क्लच प्लेट, तिचं बेअरिंग आणि दांड्याखालची झिजलेली बुशं, सगळंच बदलायचं ठरलं. गाडी गॅरेजातल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर चढली, गिअरबॉक्स खाली उतरला.

आणि त्याच सकाळी धाकट्याने सांगितलं की हा आपला शेवटचा क्लच. दुसऱ्या शहरात त्याच्या मेहुण्याचं वर्कशॉप होतं, तिथे तो आणि बायको कायमचे निघाले होते. तिथे गाड्या उचलायला यंत्रं आहेत, माणसांना खड्ड्यात उतरावं लागत नाही, असंही त्याने जोडलं.

थोरल्याने पाना खाली ठेवला.

शिंपी दारात आला तेव्हा थोरल्याने धाकट्याचं डोकं बॉनेटवर दोनदा आपटलं होतं. मधे जाड गोधडी टाकली होती, कारण रंग डॉक्टरांचा होता. धाकट्याने मागे कोपर हाणलं, थोरल्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. मग दोघे ऑइलच्या डबक्यात पडले आणि कोण कोणाला मारतंय ते शिंप्याला नीट दिसेना, म्हणून तो दोन पावलं पुढे आला. थोरला छातीवर बसून धाकट्याचा गळा आवळत होता. धाकट्याचे डोळे पांढरे व्हायला लागले तेव्हा त्याच्या हाताला एक लाकडी दांडा लागला. लाकूड म्हणजे लोखंड नव्हे. दंडकात बसत होतं. त्याने तो थोरल्याच्या पाठीत असा घातला की दांड्याचे दोन तुकडे झाले.

मारामारी तिथेच थांबली. दोघेही तुकड्यांकडे बघत राहिले. क्लच प्लेट बरोबर मध्यावर बसवायला बाबांनी कातून घेतलेला तो दांडा होता. प्लेट केसभर सरकली तर गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्या भोकात जात नाही. थोरल्याच्या बायकोने, म्हणजे वहिनीने, बाहेर येऊन दोघांच्या तोंडावर पाणी मारलं, पेल्यासकट.

डॉक्टरांना गाडी संध्याकाळी हवी होती. तेव्हा प्लेट नजरेने बसवली. दोघांचे मिळून तीन डोळे उघडत होते.

गिअरबॉक्स वर चढवायची त्यांची रीत बाबांची. गिअरचा दांडा काढला की गाडीच्या बुडाला एक भोक उरतं. त्यातून जाड पट्टा खाली सोडायचा, गिअरबॉक्सला बांधायचा. थोरला आत, सीट काढून, पट्टा मनगटाला गुंडाळून वर ओढणार. धाकटा खड्ड्यात उभा राहून खांद्याने तो शाफ्ट प्लेटमध्ये घालणार. बोलायचे शब्द तीनच: उचल, धर आणि सोड. शब्द खालच्याने उच्चारायचे. वरच्याने अक्कल चालवायची नाही. 'सोड' ऐकलं की त्या क्षणी सोडायचं, आणि ऐकेपर्यंत घर पेटलं तरी सोडायचं नाही. वरच्याने एकदा अक्कल चालवली होती, म्हणून बाबा उरलेलं आयुष्य आठ बोटांनी जेवले.

"उचल," धाकटा म्हणाला. थोरल्याने उचलला. "धर." धरला. शाफ्ट जाईना. पुन्हा उचल, पुन्हा धर. नजरेने बसवलेली प्लेट ती, मारामारीने सुजलेली नजर. गोणीभर वजन, वर थोरल्याच्या मनगटाची साल निघत होती, खाली धाकट्याच्या डोळ्यांत ग्रीस आणि रक्त.

"खुशाल जा म्हणे," थोरला भोकातून खाली बोलला. "मी खड्ड्यात उतरलो की वर पट्टा कोण धरणार? शिंपी?"

"वहिनी धरतील."

"ती मला का धरेल? लग्नापासून वाट बघतेय."

धाकट्याला हसू आलं नाही. तो म्हणाला की बाबा गेल्यापासून प्रत्येक वेळी हेच. आधी आईचं आजारपण, मग तुझं ऑपरेशन, मग गॅरेजचं छप्पर. थोरला म्हणाला, उपकार केलेस. धाकटा म्हणाला, केलेच. थोरल्याने त्याच्या बायकोच्या माहेराबद्दल काहीतरी काढलं, जे शिंप्याने पुढे सगळीकडे सांगितलं पण इथे लिहिण्याजोगं नाही. तेव्हा धाकट्याने मान वर केली. भोकातून थोरल्याचा सुजलेला डोळा दिसत होता.

"दादा, आता मला सोड!"

थोरल्याचे हात सुटले.

गिअरबॉक्स सरळ खांद्यावर आला. हाड मोडल्याचा आवाज शिंप्याला रस्त्यापलीकडे ऐकू गेला. धाकटा खड्ड्यात पाठीवर कोसळला, त्याच्यामागून वजन छातीवर. थोरला गाडीतून बाहेर पडला तो डोक्यावर, खड्ड्यात उतरला तोही डोक्यावरच, आणि एरवी उचलायला दोघे लागणारा तो ठोकळा त्याने एकट्याने बाजूला लोटला. धाकट्याच्या तोंडातून रक्ताचा फेस येत होता. थोरला वाकून त्याचं नाव घेत राहिला. धाकट्याने चांगला हात उचलून त्याच्या तोंडावर ठोसा दिला. बसवलेल्या दोनांपैकी एक दात ऑइलमध्ये पडला. मग धाकटा बेशुद्ध झाला.

थोरल्याने मुद्दाम सोडलं की सवयीने, यावर गल्लीचे दोन तट पडले. थोरल्याला विचारलं तर तो आपल्या हातांकडे बघायचा, जणू त्यांनाच विचारा. हॉस्पिटलमध्ये हवालदार आला. खांद्यात सळी, तीन बरगड्या मोडलेल्या, अशा अवस्थेत धाकट्याने जबाब दिला.

"चूक माझीच, साहेब. 'मला' हळू म्हटलं, 'सोड' जोरात."

हवालदाराने ते तसंच लिहून घेतलं.

धाकटा घरी येईपर्यंत गाडी खड्ड्यावर तशीच होती. थोरल्याने तिला हात लावला नाही. फक्त एक नवा लाकडी दांडा कातून आणला आणि प्लेट मध्यावर बसवून ठेवली. धाकट्याचं सामान बांधलेलं पाहिलं तेव्हा तो इतकंच म्हणाला, एवढा बसवून जा.

या वेळी थोरला खड्ड्यात उतरला. धाकटा एक हात गळ्यात बांधून आत बसला, पट्टा गाडीच्या दोन खिडक्यांतून आडव्या घातलेल्या पाइपावरून घेऊन चांगल्या मनगटाला गुंडाळला. बांधलेला हात बोटं हलवण्यापुरताच होता. वहिनी दारात उभी राहिली. शिंपी तर आधीच येऊन बसला होता. त्याने आज कापड घेतलंच नव्हतं.

"उचल."

ठोकळा वर गेला. थोरल्याने खांदा बरोबर त्याच्याखाली दिला, मोडलेल्या हाडाच्या जागी स्वतःचं हाड.

"धर."

शाफ्ट पहिल्याच धक्क्यात आत गेला. मग खालून पान्याचे आवाज येत राहिले, आणि थांबले. धाकट्याच्या मनगटातून रक्त निघून बाही भिजली. शब्द येईना.

"दादा, बोल्ट लागले का?"

"नाही."

शिंप्याला खाली दिसत होतं. सगळे बोल्ट लागले होते. थोरला रिकाम्या हातांनी गिअरबॉक्सला टेकून उभा होता.

"दादा, हात तुटतोय."

बराच वेळ गेला. मग खालून आलं, "सोड."

धाकट्याने सोडला नाही. "काय सोडू?"

"पट्टा," थोरला म्हणाला. "आणि तूही सुटलास. जा."

धाकट्याने पट्टा सोडला. एका हाताने नवी बुशं बसवली, गिअरचा दांडा आत घातला, पहिल्यापासून शेवटपर्यंत गिअर टाकून पाहिले. प्रत्येक गिअर आपापल्या घरात खटकन बसला. मग तो उतरला आणि बायकोबरोबर निघून गेला. थोरला खड्ड्यातून वर आला नाही.

संध्याकाळी डॉक्टर आले. दांडा हलवून खूश झाले. थोरल्याच्या तोंडातली मोकळी जागा त्यांना दिसली. उद्या येऊन जा, म्हणाले. मग धाकट्याबद्दल विचारलं आणि उत्तर ऐकून लावलेली चावी परत काढली.

"म्हणजे," ते म्हणाले, "हा दात आता टिकणार."

थोरला पाना उचलून आत गेला. शिंपी कान देऊन बसला होता. पाना खाली ठेवल्याचा आवाज काही आला नाही.