हेडक्लार्कांचं जावयाला पत्र

संध्याकाळी सहाचा स्पॅनिशचा वर्ग हा माझा दिवसातला पाचवा. तोवर घसा बसलेला असतो आणि अंगात त्राण उरलेलं नसतं. बोलताना 'पेरो' म्हणजे 'पण' चालतं, औपचारिक पत्रात मात्र 'सिन एंबार्गो' किंवा 'नो ओबस्तांते' लिहायचं, हे मी त्या आठवड्यात चौथ्यांदा सांगत होते. निम्मा वर्ग मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

लक्ष होतं ते एकट्या हेडक्लार्कांचं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. गृहपाठाच्या वहीतही ते वर 'विषय' आणि 'संदर्भ' लिहायचे.

"बाई, हे म्हणजे आपलं 'तथापि'," ते खुशीत म्हणाले. "सगळी नोकरी त्याच्यावर काढली मी. कुणाला नाही म्हणायचं असलं की आधी दोन गोड वाक्यं, मग तथापि."

ते स्पॅनिश का शिकतात हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. एकुलती एक लेक लग्न करून परदेशी गेली आणि दोन वर्षांपूर्वी अपघातात गेली. सहा वर्षांची नात तिकडे बापाजवळ, तिला स्पॅनिशखेरीज काही येत नाही. जावयाशी बोलणं बंद. या सुट्टीत तरी त्याने तिला इकडे आणावं, एवढीच म्हाताऱ्याची आस.

गृहपाठ दिला: चार विरोधदर्शक शब्द वापरून पत्र लिहा. बाकीच्यांनी बिघडलेल्या फ्रिजची तक्रार लिहिली, तीही एकमेकांची बघून. मी घरी पाय वर घेऊन वह्या तपासत होते. हेडक्लार्कांची वही उघडली आणि नीट बसले.

'गाडी आपण चालवत होता. तथापि, मी तक्रार केली नाही. जरी आपण दोन वर्षांत एकदाही फोन केला नाही, तरी मी आपल्याला क्षमा केली आहे. असे असूनही आपण नातीला पाठवत नाही. याउलट, मी मात्र तिची भाषा शिकत आहे.'

एकही चूक नव्हती. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्यांना थांबवलं. "काका, दहापैकी दहा. पण हे पाठवू नका."

"का? भाषा सभ्य आहे."

"सभ्यच आहे. पण त्याचीही बायको गेलीय. पहिल्या ओळीनंतर तो पुढे वाचणार नाही."

ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिले. मला बस गाठायची होती, तरी बसले.

"फोन केला होता त्याने," शेवटी ते म्हणाले. "तीनदा. मीच उचलला नाही."

मी वही मिटून त्यांच्या हातात दिली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी एक सुटा कागद पुढे केला. वर विषय नाही, संदर्भ नाही. 'तुझे फोन मी उचलले नाहीत. चूक माझी आहे. नातीला घेऊन ये. तूही ये.'

"चार शब्द हवे होते, एकही नाही," मी म्हटलं. "शून्य."

"द्या शून्य." त्यांनी खिशातून कोरं पाकीट काढलं. "पत्ता तेवढा तुम्ही घाला, बाई. माझ्या हातून वर 'विषय' पडायचा."