गोरेगावचा इंटरव्ह्यू

शितलने चपला दाराबाहेर काढल्या, ओढणी सारखी केली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून सर्टिफिकेट काढून टेबलावर ठेवलं. टेबलापलीकडे शंकरसिंग चव्हाण बसले होते. खाली त्यांचं खताचं दुकान, वर या खोलीत कॉम्प्युटर क्लास काढायचं त्यांच्या मनात होतं. शेजारच्या खुर्चीत त्यांची बायको पद्माबाई. इंटरव्ह्यूला बायको कशाला, असं शितलला वाटलं. पण मालकीणबाई आहेत, बसणारच, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

हिंगोली जिल्हा झाली तशी नव्या कचेऱ्यांत कॉम्प्युटर येणाऱ्यांची चांदी होणार, असं जो तो सांगत होता. शितल रोज भरलेल्या जीपमध्ये अंग चोरून सेनगावला गेली, कोर्स पुरा केला. सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा कळलं, की तालुक्यातल्या निम्म्या पोरांकडे तेच आहे. अर्ज केले, उत्तर कुठूनच आलं नाही. म्हणून बापू, तिचा बाप, जेव्हा म्हणाला, गोरेगावात शिकवायला पोरगी पाहिजे, इंटरव्ह्यू हाय, तेव्हा तिला आकाश ठेंगणं झालं होतं.

"राठोड म्हंजी कोनते राठोड?" शंकरसिंगांनी विचारलं.

तिने कूळ सांगितलं. कागदोपत्री लागत असेल.

"आमी चव्हाण. बराबर हाय," ते बायकोकडे बघून म्हणाले.

मग तिला मशीनसमोर बसवलं. तिने पत्र टाइप केलं, तक्ता काढला, बेरीज आपोआप करून दाखवली. पद्माबाई मात्र पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या तिच्या हातांकडे बघत होत्या.

"घरी सैपाक कोन करतंय?"

"मी न् आई."

दारातून एक तरुण डोकावला आणि लाजून मागे सरला. हा त्यांचा मुलगा दिपक.

"पास झालीस," शंकरसिंग हसले. "क्लासला मंजुरी पाहिजे तर सर्टिफिकेटवाला मास्तर दाखवावा लागतो. आमच्या दिपकला काई ती परीक्षा झेपली न्हाई. आता तकलीफ मिटली."

शितल खुर्चीतून उठलीच. "कधीपासून येऊ?"

"आता काय, लगीन झालं की आलीसच," पद्माबाई म्हणाल्या.

शितलला वाटलं, आपण भलतंच ऐकलं. "कुनाचं?"

पद्माबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "लाजून राहिली बघा."

खालून माणसांचा आवाज आला. शितलने खिडकीतून पाहिलं. दुकानासमोर सतरंजी अंथरली होती. तिच्यावर बापू नेमसिंग आणि त्यांच्या बंजारा तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, रतनसिंग बसले होते. बियाणं घ्यायचंय असं सांगून नाईक सकाळी शितल आणि बापूच्याच जीपमध्ये चढले होते. मध्ये परात, परातीत फोडलेला गूळ. तांड्यात सोयरीक ठरली की दोन्हीकडची माणसं नाईकासमोर गूळ खातात. खाल्ला की शब्द फिरत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

रडू आलं असतं तर बरं झालं असतं, ते येईना. ती मशीनकडे वळली. उघडं होतं ते एकेक बंद केलं, पडदा काळा होईपर्यंत थांबली, कोर्समध्ये शिकवलं होतं तसं. मग सर्टिफिकेट उचललं आणि जिना उतरली.

"बापू, तू इंटरव्ह्यू म्हनला होतास."

"तेच तर हाय, बाई," नेमसिंग गोंधळून म्हणाला. त्याच्या हातात गुळाचा खडा होता. "आता समदे शिकल्याली पोरगी मागतेत. कोर्स काहून लावला मंग?"

सेनगावच्या जीपला रोज सकाळी हाच बाप शितलला सोडायला यायचा.

"मला नोकरी पाहिजे होती."

"नोकरीच तर लागली," तिच्यामागून उतरत शंकरसिंग म्हणाले. "हितंच शिकवशील."

"पगार?"

"घरच्या मानसाला पगार कसला, बेटा?"

सगळे हसले. नाईकही हसले. नेमसिंगही थोडा हसला.

"दुसरी कुनी ठेवली असती तर तिला?" शितलने विचारलं.

"तिला द्यावाच लागला असता," शंकरसिंग म्हणाले. "परक्याची पोरगी फुकट कोन राबवतंय?"

हसणं ओसरलं. नाईक खाकरले. "चला नेमसिंग, उशीर होऊन राहिला. घाला तोंडात."

नेमसिंगने हातातला खडा वर नेला, पण हात तोंडापर्यंत गेला नाही. तो लेकीकडे बघत होता. मग त्याची नजर खाली गेली, तिच्या उघड्या पायांवर.

"चपला कुठं हायत तुझ्या?"

"वर."

त्याने गूळ परातीत ठेवला. चिकट बोटं धोतराला पुसली, गुडघ्यावर हात देऊन उठला आणि कुणाकडेही न बघता लेकीच्या चपला आणायला जिना चढू लागला.