त्या कंपनीचा शेअर नको

मर्व्हला पुरून आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात क्लाइव्ह पॅस्कोला कळलं, की ज्या कंपनीनं या दोस्ताचा जीव घेतला, तिच्यातच आपली म्हातारपणाची पुंजीही गुंतलेली आहे.

दोघं पोरवयात तिथे कामाला लागले होते. ॲस्बेस्टॉसचे पत्रे बनायचे. सुट्टीत पोत्यांवर बसून डबा खायचा आणि तो पांढरा भुसा एकमेकांवर उधळायचा, हा त्यांचा खेळ. क्लाइव्ह वर्षभरात कंटाळला आणि ॲडलेडच्या बंदरावर इलेक्ट्रिशियन झाला. मर्व्ह राहिला. कित्येक वर्षांनी त्या भुशानं मर्व्हची फुफ्फुसं आवळली. क्लाइव्हची छाती मात्र दर तपासणीत स्वच्छ निघायची, आणि दर वेळी त्याला चोरट्यासारखं व्हायचं.

त्यानं निवृत्ती फंडाला फोन लावला. "त्या एका कंपनीतून माझे पैसे काढा."

"सगळ्यांचे पैसे एकत्र असतात, सर," पलीकडची बाई अदबीनं म्हणाली. "तुमचे तेवढे वेगळे कसे काढणार?"

रविवारी त्याची मुलगी टॅम्झिन जेवायला आली. बँकेत होती, तिला यातलं कळायचं.

"असे फंड आहेत, डॅड. कुठले शेअर घ्यायचे ते आपणच ठरवायचं. पण फी जास्त. आणि थोडे पैसे त्यांच्याच एखाद्या योजनेत ठेवावे लागतात."

"आणि त्या योजनेत ती कंपनी असली तर?"

"मग नुसत्या ठेवींची योजना घेऊ. पण तू आता रिटायर व्हायला आलास. शेअरमधलं तुला काय कळतं?"

"काय नको ते कळतं. तेवढं पुरे."

टॅम्झिननं दोन-तीन फंड ताडून पाहिले आणि त्यातला एक ठरवला. सही करायच्या आधी क्लाइव्ह मर्व्हच्या बायकोला सांगायला गेला. नोरीन परसात टोमॅटोची रोपं बांधत होती. तिला बरं वाटेल अशी त्याची खात्री होती. तिनं सगळं ऐकलं आणि सुतळी खाली ठेवली.

"मर्व्हसाठी करतोयस?"

"हो."

"मला विचारलंस? माझा महिना कशावर चालतो, ठाऊक आहे? भरपाईच्या निधीवर. त्यात पैसे घालते ती कंपनी. तेही नफा झाला तर. आमच्या ॲस्बेस्टॉसग्रस्तांच्या गटात जनेल म्हणून एक आहे, तुझ्या टॅम्झिनच्या वयाची. लहानपणी बापाचे कामावरचे कपडे झटकायची, बस्स, तेवढ्यानं तिलाही तोच आजार. तिचा दावा अजून लागायचाय. कंपनी बुडाली तर तिनं कुणाच्या दारात जायचं? मी रोज प्रार्थना करते रे, ती मेली कंपनी जगू दे म्हणून."

क्लाइव्हनं तिची सुतळी उचलून गुंडाळली. मग म्हणाला, "म्हणजे पैसे तिथंच राहू देऊ?"

"मी कुठं तसं म्हटलं? नको असतील तर काढ. पण मर्व्हच्या नावावर खपवू नकोस. तुझं तू कर."

घरी येताना तो समुद्राकाठी गाडी थांबवून बसून राहिला. नोरीन खोटं बोलत नव्हती. त्यानं पैसे काढल्यानं ना कंपनीचं काही अडणार होतं, ना मर्व्हचं काही भलं होणार होतं. तरीही, त्या भुशातून आलेला घास आपल्या घशाखाली उतरणार नाही, एवढं त्याला पक्कं कळलं. मर्व्हला नव्हे, आपल्यालाच ते नको होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सही केली. मालगाड्यांची एक कंपनी, एक बँक, किराणा दुकानांची एक साखळी असे शेअर त्यानं निवडले. ती कंपनी घेतली नाही.

हिवाळा आला. आता सकाळी उठल्यावर तो फोन उघडतो आणि आपले शेअर बघायच्या आधी त्या कंपनीचा भाव बघतो. पडला की नोरीनचा महिना आणि जनेलचा दावा आठवतो. चढला की निवांत फोन खाली ठेवतो.

एकदा टॅम्झिननं पाहिलं. "डॅड, हा तर तुझ्याकडे नाहीये ना? मग कशाला बघतोस?"

"वर गेलाय आज," तो हळूच म्हणाला, आणि चहाचं आधण ठेवायला उठला.