तळणीकर कुठून सुरू करावेत

वि. स. तळणीकरांनी चोपन्न कादंबऱ्या लिहिल्या. सगळ्या अवकाशातल्या, आणि सगळ्या माझ्याकडे आहेत. नंदुरबारात असा मी एकटाच असेन. हे अभिमानाने सांगत नाही. ज्या गावात कुणी पत्ते खेळत नाही तिथे एखाद्याकडे चोपन्न जोड पत्ते असावेत, तसं ते आहे.

तळणीकरांची सुरुवात कुठून करावी, असं मला आयुष्यात तीन जणांनी विचारलं. तिघांनाही मी पहिली कादंबरी दिली. मी रेल्वे टपालखात्यात सॉर्टर होतो. सुरत-भुसावळ मार्गावर टपालाच्या डब्यात उभ्याने पत्रं लावण्यात चौतीस वर्षं गेली. एकानंतर दोन, दोनानंतर तीन, यापलीकडे माझी बुद्धी जात नाही. पुस्तकांना मी तपकिरी कव्हरं घातली आणि पाठीवर प्रकाशनाच्या वर्षाप्रमाणे आकडे टाकले. त्यामुळे कुणी विचारलं की हात आपोआप एकवर जायचा.

एक नंबरची कादंबरी कंटाळवाणी आहे, हे मला ठाऊक होतं. पण सुरुवात म्हणजे सुरुवात.

पहिला बळी आमचा मुलगा योगेंद्र. तेव्हा तो दहावीत होता, आता सुरतेला असतो. त्याने वीस पानं वाचून पुस्तक गुपचूप जागेवर ठेवलं. दुसरे एक निवृत्त मुख्याध्यापक. ते पुस्तक परत करायला स्वतः आले नाहीत, कुणाच्या तरी हाती पाठवलं, आणि नंतर रस्त्यात भेटले की पलीकडच्या बाजूने जायला लागले. तिसरे शेजारचे मिरचीचे व्यापारी इंदरचंदशेठ. त्यांनी आठवड्याने पुस्तक आणून दिलं आणि म्हणाले, "मगनभाई, चंद्रावर पोचायलाच साठ पानं? आमचा ट्रक तेवढ्यात इंदूरला माल उतरवून परत येतो."

त्यानंतर कुणी विचारलं नाही, आणि मीही तळणीकरांबद्दल कुणाशी बोललो नाही. वाचायचो, मिटायचो, जागेवर ठेवायचो. चांगलं पुस्तक वाचून संपवल्यावर माणसाला कुणाला तरी काही सांगावंसं वाटतं. मी ते टपालाच्या डब्यात, पत्रांच्या खणांना सांगायचो. निवृत्तीनंतर तेही गेलं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या बायकोच्या, पार्वतीच्या, दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर शिंकू नका. मिरचीच्या हंगामात नंदुरबारात राहून शिंकू नका म्हणे! गावाबाहेर वाळवणं पसरलेली, वारा इकडचा. मी खिडक्यांना ओली फडकी बांधली आणि ती महिनाभर नाकाला पदर लावून बसली. नंतर चष्मा आला. तिने तो लावला, घरभर फिरली, भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचली. मग माझ्या कपाटासमोर उभी राहिली.

"तुमना त्या तळणीकरनं एखादं पुस्तक द्या माले," ती म्हणाली. "आते दिसस."

पन्नास वर्षांच्या संसारात तिने हे पहिल्यांदा मागितलं. तिची शाळा सातवीपर्यंतची. पुढे घर, शेत, मुलं, आणि मग डोळ्यांवर पडदा. मी शेजारी बसून वाचत असायचो आणि ती तूर निवडत असायची. आमचं भांडण कधी झालं नाही, कारण बोलणंच फार झालं नाही.

"देतो," मी म्हटलं. "जरा विचार करून देतो."

माझा हात एकवर गेला होता, तो मी मागे घेतला. हिनेही वीस पानांत पुस्तक मिटलं तर? ती काही बोलणार नाही. जपून जागेवर ठेवेल, आणि पुन्हा कधी मागणार नाही. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. पाचवं माणूस विचारायला येईल असं वाटत नाही.

मी यादी करायला बसलो. नऊ नंबर सोपी आहे, पण शेवट दुःखाचा. बावीसमध्ये बाई नायिका आहे, पण ती पहिल्याच प्रकरणात नवऱ्याला सोडून शनीवर जाते. हिला काय वाटेल? चाळीस उत्तम, पण तिच्यात गणित आहे. पहिली यादी फाडली, दुसरी केली. योगेंद्रला फोन करून सल्ला विचारला.

"आप्पा, आईला एक नंबर देऊ नका, बाकी काहीही द्या," तो म्हणाला आणि हसत सुटला.

आठवडा गेला. पार्वतीने एकदा विचारलं, "व्हयना का विचार?" मी म्हटलं, होत आलाय. तिने जुनं वर्तमानपत्र उचललं आणि जाहिराती वाचत बसली. ते बघून मला फार वाईट वाटलं. तरी माझी तिसरी यादी पुरी होईना.

शनिवारी सकाळी मी दूध आणायला गेलो. परत आलो तर ती झोक्यावर बसलेली, एका पायाने हलका रेटा देत, आणि हातात तपकिरी कव्हर. मी पाठीवरचा आकडा पाहिला. एकतीस.

एकतीस म्हणजे 'अकरा वर्षांची नदी'. तीन भागांच्या कथेचा मधला भाग. तिच्यात कोण कुणाचं आहे हे पहिल्या पानापासून गृहीत धरलेलं. तळणीकर स्वतः प्रस्तावनेत सांगतात की आधी तिसावी वाचा.

"हे कुठून काढलंस?"

"मधमातून," तिने कपाटाच्या मधल्या खणाकडे बोट दाखवलं.

"पण का?"

तिने माझ्याकडे बघितलं, ढ मुलाकडे बघावं तसं. "माहेरले आम्ही मिरची लेवाले जायेत. ढीगनी वरनी मूठ कोन देखस? वर तो चांगलीच ठेवस. तळले माती. मझार हात घालना आनि काढनी मूठ. तशी काढी."

"अगं, हा दुसरा भाग आहे. तुला काही कळणार नाही. थांब, तिसावी देतो."

"मी तुमना घर वनू," ती पान न मिटता म्हणाली, "तवय तुमना बाप नि काका एकमेकांशी बोलेत नही. काबरं, ते माले कोनी सांगं? हाई घर बी मी मधमातूनच वाचं. समजत गयं."

माझे वडील आणि काका का बोलत नसत, हे मलाही पुरतं माहीत नव्हतं. मी दूध तापवायला ठेवलं.

पुढचे चार दिवस मी तिच्या तोंडाकडे बघण्यात घालवले. त्यावरून काही कळेना. ती तूर निवडताना निवडते तशाच चेहऱ्याने वाचत होती. मी आतल्या खोलीतून पानं उलटल्याचा आवाज मोजायचो. पाचव्या दिवशी आवाज थांबला. पुस्तक झोक्यावर पालथं पडलेलं आणि ती स्वयंपाकघरात. सहाव्या दिवशीही तसंच. उघडं पान मधोमध, एकशे वीसच्या आसपास. मी समजलो. माझ्याकडून झाली नाही ती निवड तिने स्वतःच केली, तरी निकाल तोच. मी पुस्तक उचलून कपाटाकडे न्यायला लागलो.

"ठेवा तथंच!" ती आतून ओरडली. "मन्हा भाऊना फोन येवाना शे."

"त्याचा काय संबंध?"

तिचा भाऊ तापीकाठी केळी लावतो. फोन आला. ती पाच मिनिटं त्याच्याशी बोलली, हं हं करत राहिली, मग फोन ठेवून तरातरा बाहेर आली आणि पुस्तक माझ्या हातातून घेतलं.

"तुमना तळणीकर खोटं बोलस," ती म्हणाली.

"काय?"

"पान एकशे वीस. बाहेर बर्फ पडी ऱ्हायना आनि वस्तीमा केळीले घड लटकी ऱ्हायनात. भाऊले इचारं. पारा दहाच्या खाली गया का घड पोंग्यातच अडकस. बाहेर निंघत नही."

मी ही कादंबरी चार वेळा वाचली आहे. केळीचे घड मला कधी दिसलेच नव्हते. पण तळणीकरांना कुणी खोटं म्हटलेलं मला सहन होईना.

"अगं, त्या वस्तीवर काचेचा घुमट आहे! आत ऊब असते. सत्तराव्या पानावर स्पष्ट लिहिलंय."

"घुमट फुटना."

"कधी?"

"पान एकशे बारा. दगड पडना, घुमट फुटना, तीन मान्सं मरनात. तुम्ही वाचं नही का? त्यानंतर आठ पानं. घड आठ पान तग धरस का?"

"दुरुस्त केला असेल!"

"कोनी? दुरुस्त करनारा तर मरना!"

"दुसरा असेल! एवढी मोठी वस्ती, एकच माणूस घुमट दुरुस्त करणारा असेल का?" मी ओरडत होतो. मला माझाच आवाज ओळखू येईना. "तळणीकरांनी चोपन्न कादंबऱ्या लिहिल्या, त्यांना केळी कळत नाही?"

"चोपन लिख्यात म्हनीसनच चुकना असतीन. एखादी लिखता तर नीट लिखता."

दारात कुणीतरी खाकरलं. शेजारच्या गवराबाई, इंदरचंदशेठच्या मंडळी, हातात वाटी घेऊन उभ्या होत्या. चेहरा घाबरलेला.

"मगनभाई, तब्येत बरी आहे ना? तुमचा आवाज ऐकला म्हणून आली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला."

"काही नही वो, गवराबाई," पार्वती म्हणाली. "केळीवरतून चालनं आमनं. बठा, चहा टाकस."

"केळीवरून?" गवराबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घातली, पण मला हसू आवरत नव्हतं. कधी नव्हे ते माझे कान गरम झाले होते आणि पोटात भूक लागली होती.

पार्वतीने एकतीस नंबर पुढच्या तीन दिवसांत संपवली. केळीचा मुद्दा तिने सोडला नाही. पण नदी अकरा वर्षांनी येते तेव्हा म्हातारी पाण्यात उतरते, त्या ठिकाणी तिने चष्मा काढून पुसला. मला ते पान पाठ आहे. मी म्हटलं, ती म्हातारी तिसाव्यात कोण होती माहीत आहे का? ती म्हणाली, सांगू नका. मी सांगितलंच. मग ती दोन तास माझ्याशी बोलली नाही.

संध्याकाळी पुन्हा कपाटासमोर उभी राहिली. "पुढलं तुम्ही देतस का मी लिऊ?"

माझ्या खिशात तिसरी यादी होती. "तूच घे," मी म्हटलं.

तिने हात घातला आणि सतरा काढली. सतरा मला स्वतःलाही आवडत नाही. तिच्यात एकही माणूस नाही, सगळी यंत्रं आहेत. सांगावं असं वाटलं. त्याऐवजी कपाटाचं दार लावून घेतलं.

आज तिसरा दिवस. ती पान बासष्टवर आहे. सकाळी तिने एकदा नुसतंच "हं" म्हटलं. कशाबद्दल, ते मी विचारलेलं नाही. आता ती आत तूर निवडते आहे आणि मी तिच्या पुस्तकाचं बासष्टावं पान काढून बसलो आहे.