व्होल्गाचं हरण

गिरजाबाईंनी लोखंडी पेटीतून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली, गाठ सोडली, तसा नरहरीच्या कपातला चहा बशीत सांडला. हरण होतं. वीतभर लांब, पुढचे पाय पोटाशी घेऊन उडी घेतलेलं. अंगावर हळदीकुंकवाचे थर, पण कानामागे, जिथं बोट पोचत नाही तिथं, रशियन क्रोम अजून चमकत होतं.

नरहरीनं पाकिटातून एक कागद काढला. आपल्या गाडीच्या बॉनेटवरच्या दोन भोकांचा ठसा त्यानं त्यावर घेतला होता आणि पाच वर्षं तो बायकोच्या फोटोमागे जपला होता. हरणाच्या पोटाखालच्या दोन खुंट्या त्या ठशावर बरोबर बसल्या.

नरहरी भिलाईच्या प्लांटमध्ये हेडक्लार्क. मायदेशी परतलेल्या एका रशियन इंजिनियरची ही व्होल्गा गाडी शेडमध्ये सात वर्षं सडली, मग नरहरीनं घेतली. इंजिन जागं केलं, सीटा शिवून घेतल्या. बॉनेटवरचं हरण तेवढं कुणीतरी कधीच उपटून नेलं होतं. मॉस्कोला पत्र टाकलं, उत्तर नाही. कलकत्त्याच्या व्यापाऱ्यानं सांगितलेल्या भावात खरं हरण पाळता आलं असतं, वर्षाच्या चाऱ्यासकट. शेजारचे श्यामराव रोज फाटकावरून विचारत, "काय नरहरी, भुंडीले शिंग फुटलं का?"

शेवटी खुर्सीपारच्या बाबुलाल भंगारवाल्यानं डोकं खाजवलं. "हिरन तो था साहब. बोरसी की एक बाई ले गई, बरसों हुए. पूजा में रखने."

ऑगस्टात रायपूरला जुन्या गाड्यांचा मेळावा होता. पहिला नंबर त्याच गाडीला, जिचा एकूणएक भाग मूळचा. नरहरीला तो नंबर हवा होता. श्यामरावांच्या फाटकासमोर टांगायला.

"बाई, काय घ्याल याचं?"

"घ्याल म्हंजे?" गिरजाबाईंचा आवाज चढला. "महालक्ष्म्यांपुढं बसते थे. इकाले नाही ठेवलं."

"दोनशे देतो."

"तुमी तुमच्या लेकीचा भाव सांगता का, भाऊ?"

नरहरीनं नोटा परत खिशात घातल्या. गिरजाबाईंचे यजमान, रेल्वेत पॉइंट्समन असलेले पुंडलिकराव खाटेवरून म्हणाले, "आठ वर्षं अर्ज करून राहिलो होतो. हे हरण घरात आलं अन् त्याच साली मले सर्विसमधे पक्कं केलं."

नरहरी उठला. दारापाशी वळला, परत आला आणि हरणाच्या नाकपुडीवर हलकेच एक बोट फिरवून पुन्हा निघाला.

"थांबा," गिरजाबाई म्हणाल्या. "तुमच्या गाडीवर जागा हाय का इची?"

"दोन भोकं आहेत. रोज पुसतो मी ती."

गिरजाबाई आत गेल्या. बाहेर आल्या त्या तबक घेऊनच.

"लेक काही जलमभर माहेरी राहत नाही. न्या. पण भादव्यात महालक्ष्म्या माहेरी येतात, तवा हेबी तीन दिवस आलंच पाहिजे. तुमी सोता आणून सोडाचं, सोता न्याले याचं. कबूल?"

"कबूल."

"अन् न्याले याल तवा रिकाम्या हातानं नाही."

त्यांनी हरणाला कुंकू लावलं. तांदूळ, सुपारी, खारीक घालून ओटी भरली. गाडीचा पार्ट विकत घ्यायला आलेला नरहरी जावयासारखा उंबऱ्याबाहेर पडला. मागून गिरजाबाईंचा ओला आवाज आला, "शिंगाले जपा हो. थे नाजूक हाय."

बोरसी ते सेक्टर सात, व्होल्गा बैलगाडीच्या चालीनं आली. त्याची बायको रत्नमाला दारात उभी होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला आणलं तेव्हा टांगा काय उधळवला होता तुम्ही!"

हरण बसलं. श्यामरावांनी फाटक गाठलं, पाहिलं आणि त्या दिवशी काही विचारलं नाही.

ऑगस्टात पावसानं रायपूरचं मैदान बुडालं. मेळावा पुढं गेला. नव्या तारखेचं पत्र आलं, तशी रत्नमालेनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं आणि एका रविवारावर बोट ठेवलं. महालक्ष्मी पूजन.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे," श्यामराव म्हणाले. "सोमवारी नेऊन दे. सांग, पंक्चर झालं. थ्या बाईले काय समजते?"

शनिवारी सकाळी नरहरीनं पाना घेतला, बॉनेट उघडलं आणि दोन्ही नट सोडवले.

रविवारी रायपूरच्या मैदानावर परीक्षक कर्नलसाहेब व्होल्गाभोवती तीनदा फिरले. चाकांची झाकणं वाजवून पाहिली. काचेच्या पट्ट्या पाहिल्या. समाधानानं मिशी चाचपली आणि बॉनेटशी थबकले.

"सब ओरिजिनल है. हिरन कहाँ है?"

"मायके गया है, साहब."

कर्नलसाहेबांनी चष्मा काढला, नरहरीकडे पाहिलं, चष्मा चढवला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. ते काय असेल, हे नरहरीनं वाकून पाहिलं नाही.

त्यानं घड्याळ पाहिलं. बारा वाजत आले होते. बोरसीत आत्ता सोळा भाज्यांचं, आंबिलीचं ताट महालक्ष्म्यांपुढं सरकत असेल. मागच्या सीटवर रत्नमालेनं उद्याचं सामान आत्ताच ठेवून दिलं होतं: गिरजाबाईंना पातळ, आणि हरणाच्या मापानं शिवलेलं खणाचं झबलं.

नरहरीनं खिशातून रुमाल काढला आणि बॉनेटवरची दोन्ही भोकं पुसली.