पोटावरचं बटण

मित्रांनो, काचेच्या पेटीतला निळा डगला दिसला की तुम्ही आधी "कप्तान!" म्हणून ओरडता आणि मग काचेला नाक लावता. लावा, माझी ना नाही. पण तुम्ही इतक्या कौतुकानं बघता की मला तोंड लपवावंसं वाटतं. डगल्याला तोंड नसतं, हे त्यातल्या त्यात बरं.

'नक्षत्रगस्त' या मालिकेतला कप्तानाचा जुना डगला तो मीच. तुमच्या आईवडिलांनी लहानपणी ही मालिका टीव्हीवर पाहिली आणि आता तुम्ही पाहता. यान तेच राहिलं, तारे तेच राहिले, कप्तान मात्र बदलत गेले. एक कप्तान जाताना डगला उतरवून खुर्चीवर ठेवतो आणि दुसरा तो अंगात घालतो, हे तुम्हाला पाठ आहे. हे पहिल्यांदा कसं घडलं, ते मात्र कुणी तुम्हाला सांगणार नाही. म्हणून मी सांगतो.

मी मूळचा पडदा. हो, खिडकीचा! स्टुडिओच्या कचेरीत ऊन अडवत लटकत होतो. मालिका सुरू झाली तेव्हा सगळाच कारभार काटकसरीचा होता. यानाच्या भिंती पुठ्ठ्याच्या होत्या. ज्या बटणांनी यान चंद्रापल्याड जायचं ती म्हणजे चंदेरी रंग फासलेले अंड्यांचे ट्रे. यानाचा दरवाजा आपोआप सरकायचा, कारण भिंतीमागे दोन माणसं दोरी धरून बसलेली असायची. कपडेपट सांभाळणाऱ्या शिवणमावशींनी एक दिवस मला खिडकीवरून उतरवलं, बोटांत चुरून पाहिलं आणि म्हणाल्या, "जाड आहे मेला. खांद्यावर झकास बसेल."

त्यांनी मला बेतलं, अस्तर लावलं, पितळी रंगाची मोठी बटणं लावली. शिवणींच्या आत भरपूर माया सोडली, म्हणजे पुढेमागे सैल करायला जादा कापड ठेवलं. कारण पहिला कप्तान होणारा नट अंगानं चांगलाच भरलेला होता, आणि मावशींच्या मते तो आणखी भरणार होता. शिवून झालो तरी मला धाकधूक होती. आपण पडदा आहोत हे कुणी ओळखलं तर? तेव्हा मला वाटायचं, लाज म्हणजे हीच. किती भाबडा होतो मी!

त्या नटाला सगळे आबा म्हणायचे. आबा मोठ्या आवाजाचे आणि त्याहून मोठ्या पोटाचे. बाकीची बटणं ते स्वतः लावायचे, पण पोटावरचं मधलं बटण त्यांना खाली वाकून दिसायचंच नाही. मग ते हात पसरून मावशींसमोर उभे राहायचे.

"लाव गं मावशी. कप्तान बंद केल्याशिवाय यान सुटत नाही."

"श्वास घ्या आत," मावशी म्हणायच्या. "एवढा नाही, उडून जाल."

मावशी बटण लावायच्या, वरून एक चापट मारायच्या आणि मगच पहिला शॉट व्हायचा. पुढे ती रीतच पडली. दिग्दर्शकसुद्धा विचारायचा, "बटण लागलं का?" लागलं म्हटलं की दिवे लागायचे. शॉट संपला की आबा मला स्वतः झटकायचे, घडी घालायचे आणि खुंटीपाशी नेऊन द्यायचे. फाटकाबाहेर मुलं उभी असायची. "बाही धरू का?" असं विचारायची. आबा हात पुढे करून उभे राहायचे आणि माझी बाही मुलांच्या हातांनी मळून जायची. मावशी चिडायच्या, पण धुताना स्वतःशी हसायच्या. मालिकेचा डंका वाजत होता आणि मी आबांच्या पोटावर ऐटीत मिरवत होतो.

वर्षं गेली. आबांचे गुडघे कुरकुरायला लागले. संवाद मध्येच अडकायचे, मग आबा डोळे मिटून शब्द शोधायचे आणि सगळा संच ताटकळत बसायचा. मालिका काढणाऱ्या निर्मात्या बाई आधी हसण्यावारी न्यायच्या, पुढे घड्याळाकडे बघू लागल्या. शेवटी त्यांनी नवा कप्तान ठरवला. तो तरुण होता, सडपातळ होता, धावता येणारा होता. यात वाईट काही नव्हतं, मित्रांनो. मालिका चालायची तर माणसं बदलणारच. पण हे आबांना सांगायचं कुणी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी पुढे येईना.

बाई कपडेपटात आल्या त्या घाईतच. नव्या कप्तानाची छायाचित्रं लगेच काढायची होती.

"मावशी, डगल्याच्या शिवणी आत घ्या. हे नव्याचं माप."

"आणि आबा?"

"त्यांच्याशी मी बोलते."

"मग सध्या नुसता धावदोरा घालते. नंतर उसवता येईल."

"नको नको, आतलं जादा कापड फुगेल. कापूनच टाका."

मावशी क्षणभर कात्री हातात धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी कापलं. आबांसाठी राखलेली माया चिंध्या होऊन जमिनीवर पडली आणि केरात गेली. मशीननं पक्की टीप मारली. छायाचित्रं निघाली.

बाईंना वाटलं, दिग्दर्शकानं सांगितलं असेल, तो आबांच्या जवळचा. दिग्दर्शकाला वाटलं, सांगायचं काम बाईंचं. त्यांनी दुसऱ्यांवर ढकललं, दुसऱ्यांनी तिसऱ्यांवर, आणि सगळे मूग गिळून बसले. आबांचा एक भाग अजून चित्रित व्हायचा होता. डगला एकच आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सकाळी आबा शीळ घालत कपडेपटात आले. खोली भरलेली होती. दिग्दर्शक होता, रंगभूषावाली ताई होती, दारात बाई होत्या. आबांनी हात मागे केले आणि मावशींनी मला त्यांच्या अंगात चढवलं. बाह्या दंडावर रुतल्या. पाठीची शिवण करकरली. समोरच्या दोन्ही कडा पोटाच्या अलीकडेच थांबल्या.

आबा हसले. "अगं मावशी, कालचं जेवण अंगी लागलेलं दिसतंय!"

कुणी हसलं नाही.

"थांब हं, श्वास घेतो आत." त्यांनी श्वास घेतला. पोट ओढलं. चेहरा लाल झाला. "लाव, लाव पटकन."

मावशींनी बटण धरलं. कडा कितीही ओढल्या तरी बटण काजापर्यंत जाईना. मी जीव तोडून ताणला गेलो, पण पडद्याचं कापड ते, ते काय ताणलं जाणार? सगळ्यांसमोर एक मोठा माणूस पोट आत ओढून उभा होता, आणि त्याला अडवणारा मी होतो. पडदा असण्याची लाज मला तेव्हा अगदी पोरकट वाटली.

आबांनी श्वास सोडला. एक कड उलटून त्यांनी आतली शिवण पाहिली. नवा दोरा चकचकत होता. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं, मग मान वर करून एकेकाकडे पाहिलं. ज्याच्याकडे पाहिलं, त्यानं मान खाली घातली. बाई कागद चाळू लागल्या.

"अस्सं," आबा म्हणाले. त्यांनी उलटलेली कड सरळ केली. "चला, शॉट घेऊ. दिवे तापलेत."

त्या दिवशी बटण न लावताच शॉट सुरू झाला. लिहिलेला संवाद होता, "गस्त पुढे न्या." आबा उघड्या डगल्यानं यानात आले, खुर्चीपाशी थांबले आणि तो संवाद बोललेच नाहीत. त्यांनी मला उतरवलं. रोजच्यासारखं झटकलं, घडी घातली आणि खुर्चीच्या हातावर ठेवलं.

"यान कुणा एकाचं नसतं," ते म्हणाले. "ज्याला थंडी वाजेल त्यानं हा घ्यावा, आणि पुढे न्यावं."

मग ते साध्या शर्टात दरवाजाकडे गेले. भिंतीमागची माणसं दोरी ओढायची विसरली होती. आबांनी दरवाजा हातानं सरकवला आणि निघून गेले. ते स्टुडिओतूनच गेले. कुणी मागे धावलं नाही. सगळे पायांकडे बघत उभे राहिले, आणि कॅमेरा मात्र चालू होता.

तो शॉट जसाच्या तसा दाखवला गेला. घराघरांत लोक रडले. बाईंना मोठा घोर होता, की नवा कप्तान लोकांच्या गळी उतरवायचा कसा? तो घोर आबांनी जाता जाता मिटवून टाकला होता. पुढच्या भागात नव्या कप्तानानं मला उचललं आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मग ते मालिकेचं ब्रीदच झालं. नट बदलले, नट्या आल्या, दर वेळी मी खुर्चीवर ठेवला गेलो आणि दर वेळी लोकांचे डोळे भरले. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे तर वैद्य गेल्यावरही त्याच्याच औषधावर दुकान चाललं होतं.

माझ्यात सैल करायला कापडच उरलं नव्हतं, म्हणून पुढचे सगळे कप्तान माझ्या मापाचे शोधावे लागले. निवडीला आलेल्या नटाच्या अंगात आधी मला घालून बघायचे आणि मग "बोला" म्हणायचे. माणसाला कपडा बेततात, इथे कपड्याला माणूस बेतत होते. मावशींनी मात्र एक केलं. पोटावरचं बटण त्यांनी पुन्हा कुणालाच लावलं नाही. उघडाच द्यायच्या. लोकांना वाटलं, ही नवी ऐट. गल्लोगल्ली मुलं मधलं बटण उघडं टाकून फिरू लागली. तुम्हीही फिरता. मला ते बघवत नाही.

एकदा मालिकेला मोठं पारितोषिक मिळालं. मी तेव्हाच्या कप्तानबाईंच्या अंगात होतो. निर्मात्या बाई मंचावर म्हणाल्या, "डगल्याची कल्पना आम्हाला खूप विचार करून सुचली." टाळ्या थांबेनात. मी मात्र शरमेनं मेल्याहून मेल्यासारखा झालो. पहिल्या रांगेत मावशी होत्या. त्यांचे हात मांडीवरच होते.

आता नव्या कप्तानासाठी दिवे लागणारा नवा डगला केलाय, आणि मी स्टुडिओच्या दारातल्या या काचेच्या पेटीत आहे. मध्यंतरी मालिकेच्या वाढदिवसाला जुन्या मंडळींना बोलावलं होतं. गर्दीत काठी टेकत एक वाळका म्हातारा आला. बरोबर नात होती. मी ओळखलंच नाही. मग त्यानं शीळ घातली.

माहिती सांगणारा तरुण नातीला सांगत होता, "बरं का, हा प्रसंग लेखकांनी कितीतरी दिवस बसून लिहिला."

आबा नुसते हसले. "छान लिहिला हो," म्हणाले.

तेवढ्यात बाजूला उभ्या असलेल्या मावशी पुढे आल्या. त्याही आता म्हाताऱ्या झाल्या होत्या.

"आबा, ओळखलंत?"

"मावशी! अगं, तुला न ओळखून कसं चालेल?"

मावशींनी डोळ्यांना पदर लावला नाही की काही नाही. सरळ बोलून टाकलं. "त्या दिवशी मला वाटलं होतं, बाईंनी तुम्हाला सांगितलं असेल. पण तुम्ही शीळ घालत आलात ना, तेव्हाच मला कळलं की तुम्हाला काही ठाऊक नाही. तरी मी डगला तुमच्या अंगात चढवला. तोंडच उघडलं नाही माझं. फार लाज वाटते हो आबा. अजून वाटते."

आबांनी काठी नातीकडे दिली आणि हात मागे केले.

मावशींनी खुणावलं तसं दारावरच्या पहारेकऱ्यानं पेटी उघडली. मावशींनी मला आबांच्या अंगात चढवलं. बाह्या सैल होत्या. खांदे उतरत होते. मावशींनी पोटावरचं बटण धरलं, आणि ते सहज काजात गेलं. वर मूठभर जागा उरली.

"आजोबा, मोठा होतोय तुम्हाला!" नात खिदळली.

आबांनी खाली पाहिलं. आता त्यांना ते बटण दिसत होतं. "बघ मावशी," ते हळूच म्हणाले, "उगीच घाई केलीत. जरा थांबला असतात, तर मीच आलो असतो तुमच्या मापात."

मावशींनी वरून चापट मारायला हात उचलला, पण त्यांच्यानं मारवेना. आबांनीच तो हात धरून आपल्या पोटावर ठेवला. त्या दोघांच्या हातांखाली मी होतो. मला वाटलं होतं, बटण लागलं की माझी लाज जाईल. ती गेली नाही. तेव्हा ती आवळलेली होती, आता ढगळ झाली एवढंच.

मित्रांनो, माझ्या खिशांत डांबराच्या गोळ्या आहेत, कसर लागायची नाही. माझी काळजी करू नका. पण कुणाची जागा दुसऱ्याला द्यायची वेळ आलीच, तर त्याला आधी सांगा. समोर बसून, तोंडानं सांगा. हे काम डगल्यावर टाकू नका.

आणि पुन्हा बघायला आलात तर तुम्हाला दिसेल, की माझं पोटावरचं बटण आता लावलेलं असतं. मावशींनी ते तसंच ठेवलंय. कुणी हौसेनं उघडायला गेलं, तर त्याला उघडू देऊ नका.